टाकीखालचा झिरा

आमच्या क्वार्टरच्या मागच्या दारात उभं राहिलं की टाकी दिसायची. दिसायची म्हणजे जमिनीच्या बरोबरीनं केलेला एक सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी झाकणं, आणि पलीकडं गोल रचलेली जळकी खडी. नव्या माणसाला वाटायचं, कुठलं तरी बांधकाम अर्धवट राहिलेलं आहे. गोंदियाच्या रेल्वे वसाहतीतल्या सगळ्या संडासांचं पाणी त्या टाकीत येई, आणि ती टाकी सांभाळायची नोकरी माझ्या नवऱ्याची होती.

सासूबाई लोकांना सांगत, "माझा लेक पाण्याच्या खात्यात आहे." ते खोटं नव्हतं. माझ्या माहेरीही एवढंच सांगून सोयरीक झाली होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा सासूबाईंनी मला चुलीजवळ बसवून बजावलं, "पाण्याचं खातं, एवढंच बोल. कोणतं पानी म्हणून कोनी विचारलं तं म्हण, मले नाई समजत." मला सांगायची गरज नव्हती. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पण मास्तरांनी उभं केलं की पाठ असलेली कवितासुद्धा माझ्या तोंडून बाहेर येत नसे. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझे कान गरम होत. अजून होतात.

लग्न होऊन आले तेव्हा टाकीचं बांधकाम चालू होतं, ह्यांची नेमणूक त्यावरच होती. मागच्या गल्लीतून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन जात. त्या येताना ओरडत, म्हणजे आम्ही दारं लावून घ्यावीत. पावसाळ्यात टोपलीतलं पाणी त्यांच्या कानामागून पाठीवर ओघळे. मी फटीतून बघितलेलं आहे. टाकी झाली आणि आमच्या लाइनीतलं ते बंद झालं. त्या टाकीबद्दल पुढं कितीही वाईट मनात आलं, तरी हे एक मी विसरत नाही.

टाकी कशी चालते ते ह्यांनी मला समजावून सांगितलं होतं. जेवताना सांगायचे, सासूबाई उठून जायच्या. पहिल्या हौदात घाण खाली बसते, वर जाड साय धरते, मधलं पाणी पुढं सरकतं. ते भोकं पाडलेल्या नळांतून खडीवर शिंपडलं जातं. खडी इंजिनातून निघालेली, जळून हलकी झालेली. नवी घातली तेव्हा वरून काळं पाणी पडलं आणि खालून तसंच काळं निघालं. वरचे साहेब चिडले. हे म्हणाले, थोडे दिवस द्या. पुढं खडीला तपकिरी, बुळबुळीत थर आला आणि खालून स्वच्छ पाणी येऊ लागलं.

"त्या थरात जीव आहेत," हे सांगत. "डोळ्याला दिसत नाहीत. घाण तेच खातात. कोळसा नको, इंजिन नको, माणूस नको. आपण फक्त त्यांना मारायचं नाही."

मारायला फार काही लागत नसे. दिवाळीत कोणी उरलेला चुना मोरीत ओतला की टाकी बिघडे. धोब्यांनी सोड्याचं पाणी सोडलं की बिघडे. मोठा पाऊस पडला की सगळं न पचताच वाहून जाई. माश्या तर बाराही महिने. हे वैतागून म्हणत, "फार नाजूक पोटाची आहे ही बया."

टाकीतून निघालेलं पाणी एका लहानशा कुंडीत पडे. बोदलकशाच्या तलावाकडचा एक ढीवर मासे विकायला बाजारात यायचा, त्याच्याकडून ह्यांनी बोटभर लांबीचे जिवंत मासे आणून त्या कुंडीत सोडले होते. सकाळी उठून आधी मासे बघायचे, मग चहा. मासे फिरत असले की घरात शांतता असे. कुंडीतून पाणी नाल्याला लागे, नाला फुलचूरच्या पलीकडून वळून माझ्या माहेरच्या गावाखालून जाई.

तो नाला माझ्या लहानपणी होळीच्या आधीच आटायचा. टाकी झाल्यापासून उन्हाळ्यातही त्यात घोटाभर पाणी राहू लागलं. माझ्या बाबांचं वावर नाल्याला लागून. त्यांनी पाट काढला, केळी लावल्या, आणि त्यांचं धान गावात सगळ्यांत दाट येऊ लागलं. लोक म्हणत, इंजिनं धुतात त्याचं पाणी येऊन राहिलं. बाबांना चिडवत, "जवायानं गंगा आणली गा तुह्या दारात." बाबा हसत, पण काही बोलत नसत. गावाला प्यायला विहीर होती, वरच्या अंगाला, लांब. नाल्याचं पाणी बैल आणि वावर ह्यांच्यासाठी, असंच मी धरून चालले होते.

त्या वर्षी वैशाखात गोंदियात हैजा आला, पटकीची साथ. आमच्याकडं बाया त्याचं नाव घेत नसत, "बाई आली" म्हणत. आधी बाजारात, मग मालधक्क्याजवळ, मग आमच्याच वसाहतीत शेवटच्या लाइनीत. माझी मुलगी तेव्हा नुकती बोलायला लागली होती. पाण्याला ती "मम" म्हणायची, दिवसभर मम मम करत पाठीमागं फिरायची. सासूबाई म्हणाल्या, "पोरीले माहेरी पाठव. इथं ठेवू नको." मी सासूबाईंना क्वचितच मनापासून दुवा दिला असेन, त्या दिवशी दिला. माझा भाऊ गाडी घेऊन आला आणि पोरीला घेऊन गेला. पोरीनं गाडीतून मागं बघितलं नाही, बैलांच्या घुंगरांकडं बघत गेली. मी दारात उभी राहून म्हटलं, चला, ही तरी सुटली.

दुसऱ्या दिवशी वसाहतीच्या फाटकावर शिपाई बसले. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. आणि डॉक्टरांचा हुकूम आला, प्रत्येक संडासात, प्रत्येक मोरीत फिनेल ओतायचं, वरून पांढरी भुकटी टाकायची. जमादार दारोदार फिरत होता. "डालो, और डालो. कंजूसी मत करो, अपने बाप का नहीं है."

हे धावत डॉक्टरांकडं गेले आणि काळवंडलेलं तोंड घेऊन परत आले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मला हैजा थांबवायचा आहे, तुमची टाकी नाही. टाकी मेली तर पुन्हा उभी करता येईल." मग म्हणाले, "चूक तरी काय बोलले ते?"

त्याच संध्याकाळी ह्यांनी खडीच्या ढिगातून बुळबुळीत खडीच्या दोन बादल्या काढल्या, आमच्या मागच्या दाराशी एका फुटक्या पिंपात ठेवल्या आणि मला सांगितलं, "भांडी घासलेलं पाणी हिच्यावर ओतत जा. फिनेलचा हात लावू नको. हे विरजण आहे." सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "दारात आणून ठेवला आता नरक." पण त्यांनी ते पिंप हलवलं नाही.

दुसऱ्याच सकाळी कुंडीतले मासे उलटे झाले. पांढरी पोटं वर करून कडेला लागले. खडीवरचा थर सुटून गाळासारखा खाली येऊ लागला, पाणी राखेच्या रंगाचं, त्याला फिनेलचा वास आणि त्याखाली दुसरा वास. चहा पुढं ठेवला तो ह्यांनी घेतला नाही. आता टाकी नुसती वाट झाली होती, एकीकडून आलं ते दुसरीकडून निघून जात होतं.

एका सकाळी माझा भाऊ वसाहतीच्या तारेपलीकडं येऊन उभा राहिला. शिपायानं त्याला लांबूनच बोलायला सांगितलं. मी पदर ओढून तारेजवळ गेले.

"पोरगी कशी आहे रे, दादा?"

"मजेत! माय म्हणते, हिले इथंच ठेव. वासराच्या मागं पळून राहिली दिवसभर."

"पाणी मागते का फार?"

"मागते ना. मम, मम!" तो हसला. "आता पान्याची कमी नाई बाई. सगळ्या बाया तेंदूपत्त्याले जातेत, तानलेल्या येतेत, वरच्या विहिरीपर्यंत कोन जाईन? नाल्याच्या रेतीत झिरा खांदला त्यायनं. असं गोड पानी लागलं म्हणतेत! सगळं गाव तेच पेऊन राहिलं."

मी तारेच्या आणखी जवळ सरकले. झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत हातभर खणलेला खड्डा. त्यात पाणी झिरपून येतं, वाटीवाटीनं भरून घ्यायचं. रेतीतून आलेलं म्हणून दिसायला निवळ.

"ते पाणी पाजू नका तिला," मी म्हणाले.

"काऊन?"

माझ्या मागं लाइनीतल्या बाया उभ्या होत्या. शिपाई बघत होता. मी खरं कारण टाळून दुसरंच विचारलं.

"वास नाही का येत त्याला?"

"दोन-चार दिवसांपासून इंजिनाचा वास येऊन राहिला खरा. रेल्वेचं पानी आहे, वास तं येईनच." तो पुन्हा हसला. "जवाईबापूचंच पानी आहे बाई ते, तूच नावं ठेवशीन का त्याले?"

"दादा, ऐक, पाजू नका..."

"चलो, चलो, बात बंद," शिपाई म्हणाला. भावानं हात हलवला आणि गेला. त्याच्या चालण्यावरून मला कळलं, त्यानं माझं बोलणं शहरातल्या बाईचा नखरा समजून सोडून दिलं होतं.

मी टाकीकडं धावले. हे झाकण उघडून आत वाकले होते. मी सांगितलं तसं हळूहळू सरळ झाले. शेवटच्या लाइनीतला माणूस आदल्या दिवशी गेला होता. त्याच्या घरचं सगळं ह्याच टाकीतून गेलं होतं, आणि टाकीनं त्यातलं काहीच खाल्लं नव्हतं.

"फिनेलानं मेलं नसेल का सगळं?" मी विचारलं.

"टाकी मारण्याइतकं फिनेल आहे. ती बाई मारण्याइतकं आहे का, मला ठाऊक नाही."

ते डॉक्टरांकडं गेले, मी पडवीच्या खांबाआड उभी राहिले. डॉक्टर हात धूत होते. ह्यांचं बोलणं ऐकून ते तसेच ओल्या हातानं उभे राहिले.

"वो पानी लोग पीते हैं?"

"टाकी चांगली होती तेव्हा मासे जगत होते साहेब. मला वाटलं..."

"मासा जगला म्हणजे माणूस जगेल असं नाही," डॉक्टर मराठीत म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यामुळं मला जास्त भीती वाटली. "तुमची टाकी पाणी निवळ करते. हैजा निवळ पाण्यातसुद्धा असतो. टाकी जिवंत असो नाहीतर मेलेली, ते पाणी प्यायचं नाहीच. कोणाला तरी पाठवा. उकळलेलं पाणी द्या. आणि लवकर."

ह्यांनी इतकी वर्षं माशांवर जो भरवसा ठेवला, तो डॉक्टरांनी दोन वाक्यांत मोडला. आणि ते खरं होतं. 

पाठवायचं कोणाला? ह्यांनी टाकी सोडली असती तर पाणी उलटून आजारी घरांच्या संडासांत चढलं असतं. गावात कोणा परक्याचं ऐकलं नसतं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, आणि खाली घातलेल्या मानेनंच म्हणाले, "मी जाते."

"मी बाहेर जाणारं तोंड बंद करतो. पाणी इंजिनांची राख टाकतात त्या मैदानावर वळवतो, तिथं जेवढं मुरेल तेवढं. उन्हं उतरेपर्यंत धरता येईल. त्यापुढं धरलं तर मागं चढेल." मग म्हणाले, "झिऱ्यात जे आधी आलं ते आलंच. तू कोणाला शिवू नको. कोणाच्या घरात जाऊ नको. आणि त्यांना सांग."

"काय सांगू?"

"खरं ते."

टाकीच्या मागं तारेखालून नाला जातो तिथून मी निघाले. डोक्यावर पदर, पायांत ह्यांच्या जुन्या वहाणा. ऊन असं की रेतीकडं बघवत नव्हतं. नाल्यात जागोजागी डबकी होती आणि डबक्यांच्या कडेला लहान मासे मरून वाळले होते. कावळेसुद्धा त्यांना टोचत नव्हते. मी चालताना मनात वाक्य जुळवत होते. "ते पाणी चांगलं नाही." का? "त्यात औषध आहे." मग म्हणतील, औषध तं चांगलं असते. प्रत्येक वाक्य शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबत होतं, आणि ते वाक्य बोललं की माझ्या बाबांच्या घरी कोणी पाणी पिणार नव्हतं. बहिणीचं लग्न ठरायचं होतं. हे सगळं मला दिसत होतं. पण त्याच्या वर सारखं एकच ऐकू येत होतं, मम, मम.

गावाखालच्या वळणावर झिरा दिसला. सकाळचा तेंदूपत्ता तोडून बाया परत आल्या होत्या. मोहाच्या झाडाखाली पानांचे भारे पडले होते, दोघी-तिघी पुडके बांधत होत्या, बाकीच्या झिऱ्याभोवती बसून करवंटीनं घागरी भरत होत्या. माझी आई त्यांत होती. तिची घागर भरत आली होती.

मी लांबच उभी राहिले.

"माय, ते पाणी ओत."

सगळ्यांनी वर बघितलं. आई उठून माझ्याकडं येऊ लागली तशी मी हात पुढं केला. "जवळ येऊ नको. पोरीनं पाणी पेलं का हे?"

"पेलं ना. रोजच पेते. काऊन, काय झालं?"

आमच्या शेजारची काकी होती, बोलण्यात तिखट. ती म्हणाली, "काय वं, शहरातून इतक्या उन्हात आली अन् आल्या आल्या ओत म्हणते? तुह्या नवऱ्याचं पानी आहे म्हणून मोजून देशीन का आता?" बाया हसल्या.

"ते पिऊ नका. कोणीच पिऊ नका."

"काऊन ते तं सांग!"

"तिकडं बाई आली आहे."

हसणं थांबलं. "अन् तू तिथून आली?" काकी उठली. "तिथून आली अन् गावात शिरून राहिली? मरी घेऊन आली का वं आमच्या दारात?"

तिचं बरोबर होतं. मी आणखी दोन पावलं मागं सरले. "मी गावात येत नाही. एवढं ऐका. हे पाणी..." माझे कान पेटले होते, शाळेतल्यासारखे. "हे इंजिनाचं पाणी नाही. वसाहतीतल्या संडासांचं आहे. टाकीत साफ होऊन येतं. आता टाकी मेली आहे. जे लोक गेले त्यांचं पाणी ह्यात आहे."

 करवंटी कुणाच्या तरी हातातून पाण्यात पडली. मग पुडके बांधणारी एक बाई म्हणाली, "काहीच्या काही. पानी पाहाय ना, आरशासारखं आहे. संडासाचं पानी असं राहाते का?"

"वेडी झाली ही उन्हानं," दुसरी म्हणाली.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.  ते जीव, तो थर, ती खडी, हे मला चुलीपाशी समजलं होतं. भर उन्हात उभ्या बायांना मला ते सांगता येईना. काकीनं तर माझ्याकडं बघत करवंटी भरली आणि ओठांकडं नेली. मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आधी कधी ओरडले नव्हते आणि नंतरही नाही.

माझा आवाज ऐकून बाबा वावरातून आले. हातात फावडं, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं.

"भाऊजी, तुम्हीच सांगा," काकी म्हणाली. "तुमची लेक म्हणते, हे संडासाचं पानी आहे म्हणते."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मग झिऱ्याकडं. मग आईच्या कडेवरच्या घागरीकडं.

"घरात पानी कोठचं आहे?" त्यांनी आईला विचारलं.

"इथचंच."

"कवापासून?"

"पत्त्याचे दिवस लागले तवापासून."

पुरुष माणूस घागरीतून तांब्या भरून घेतो, घागर कुठून आली हे विचारत नाही. बाबांचा चेहरा मी जन्मात तसा पाहिला नाही. ते फावड्यावर रेलले.

"पोरगी खरं बोलते," ते म्हणाले. "मले ठाऊक होतं. इंजिनाच्या पान्यानं धान येवढं होत नाई. मी एक दिवस नाल्यानं वर जाऊन पाहून आलो होतो, टाकीपर्यंत. वावरासाठी चांगलं होतं म्हणून गप्प राहिलो. तुम्ही प्यान, हे मले ठाऊक नोहतं." आणि काकीकडं बघून, "ठेव ते खाली."

काकीनं करवंटी खाली ठेवली नाही, फेकली. ती बाबांच्या पायाजवळ येऊन पडली. "पाजलं ना आमाले! जवायाचं पानी! सगळ्या गावाले पाजलं!" कोणी रेतीत थुंकलं. कोणी तोंडात बोटं घालून ओकायला बसलं. घागरी फुटल्याचे आवाज आले. आईनं आपली घागर सावकाश रेतीवर उलटी केली. पाणी मुरेपर्यंत ती तिथंच बघत उभी राहिली.

बाबांनी फावड्यानं झिरा बुजवायला घेतला. त्यांच्या मदतीला कोणी आलं नाही. बुजवून झाल्यावर बाभळीच्या काट्या आणून त्यावर टाकल्या. तोपर्यंत उन्हं उतरली होती. नाल्याच्या वरच्या अंगाला मी बघत होते. थोड्या वेळानं राखेच्या रंगाचं पाणी वळणावर दिसू लागलं. ह्यांनी टाकीचं तोंड उघडलं होतं.

मला आणि पोरीला वावरातल्या खोपडीत ठेवलं. मीच म्हटलं तसं. आईनं पोरीला लांबून माझ्याकडं सोडलं, ती धावत आली आणि मला बिलगून म्हणाली, "मम."

त्यानंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत, कारण त्यांत काही झालं नाही. मी तिच्या पोटावर हात ठेवून बसत असे. ती जरा मुरडली तरी मी तिच्या ओठांकडं, नखांकडं, डोळ्यांखाली बघे. भाऊ वरच्या विहिरीचं पाणी आणून बांधावर ठेवी, मी ते तीन दगडांच्या चुलीवर उकळून गार करी. गार होईपर्यंत पोर रडे. ते रडणं ऐकत बसणं हीच त्या दिवसांतली सगळ्यांत अवघड गोष्ट. एकदा तिला जुलाब झाला. मी मीठ घातलेली पेज तिला घासाघासानं पाजत बसले. नागऱ्याच्या महादेवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. दुपारी तिनं खोपडीतल्या कोंबडीमागं धाव घेतली तेव्हा मला कळलं, जुलाब कच्च्या आंब्याचा होता.

गावात एक म्हातारी आजारी पडली आणि उठली. हैजाच होता की काय, कोणी सांगू शकलं नाही. बाकी गाव वाचलं. पण बाबांच्या दारात कोणी टेकलं नाही. भाऊ चिलमीसाठी विस्तव मागायला गेला तर काकीनं निखारा जमिनीवर टाकून दिला, हातात दिला नाही. बहिणीची बोलणी थांबली. बाबा वावरात जात, पाट आवरत आणि संध्याकाळी बांधावर येऊन विचारत, "कशी आहे?" मी म्हणे, "बरी आहे." एवढंच आमचं बोलणं. एकदा ते केळीकडं बघत म्हणाले, "झाडाले समजते पानी कोणतं. माणसाले नाई समजत." मग उठून गेले.

वसाहतीतला आजार सरला, फाटक उघडलं, तेव्हा भाऊ निरोप घेऊन आला. ह्यांनी टाकी उपसून धुतली होती, आणि त्या फुटक्या पिंपातलं विरजण खडीवर पसरलं होतं. माझ्या पाठीमागं सासूबाई त्याच्यावर भांड्यांचं पाणी ओतत राहिल्या होत्या. "पाणी अजून काळंच आहे," निरोप होता, "पण थर धरतोय. कुंडीत मासे सोडणार नाही."

आम्ही सकाळी निघालो, नाल्यानं नाही, वरच्या रस्त्यानं. रस्त्याच्या कडेला ती जुनी विहीर. बाया पाणी भरत होत्या. पत्त्याचे दिवस संपले होते, तरी त्या इतक्या वर चढून आल्या होत्या. काकी त्यांत होती. मी मान खाली घालून पुढं चालले. पोरीनं दोराचा आवाज ऐकला आणि माझा हात सोडून विहिरीकडं धावली.

"मम!"

सगळ्या बाया थांबल्या. काकीनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं पोरीकडं बघितलं, घागर कडेवरून उतरवली आणि म्हणाली, "बस इथं. हात कर."

पोर उकिडवी बसली. तिला ते येत नव्हतं, तिनं दोन्ही हात पुढं केले तसे काकीनं बोटानं लांबूनच दाखवलं, असे जुळव. मग उभ्यानंच, वरून, घागरीची धार सोडली. शिवणार नाही एवढं अंतर ठेवून. अशी धार कोणाच्या ओंजळीत सोडतात ते मी लहानपणापासून ह्याच विहिरीवर बघत आले होते.

माझा जीव आधी धारेकडं गेला, न उकळलेलं पाणी म्हणून. मग त्या अंतराकडं गेला. 

पोर पीत राहिली. कोपरांवरून पाणी ओघळलं, झगा भिजला. मध्येच तिनं वर बघून हसून दाखवलं आणि पुन्हा ओंजळ पुढं केली. काकीनं धार तोडली नाही.